पौंडभर छर्ऱ्यांची बंदूक

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक कृष्णधवल फोटो कदाचित तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. टोपीवाला एक माणूस, त्याच्या हातात बंदूक, आणि ती बंदूक त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब. आमच्या ग्रुपवर तो आला तेव्हा खाली लिहिलं होतं, ‘पूर्वी हत्ती मारायला वापरायचे ती बंदूक’. लगेच तिघांनी हात जोडले, एकाने ‘तेव्हाची माणसंच वेगळी’ असं टाकलं. असल्या फॉरवर्डच्या वाटेला मी सहसा जात नाही, पण या वेळी राहवलं नाही. ती हत्तीची बंदूक नाहीच. ती बदकांची आहे. आणि खांद्याला लावून कुणी ती उडवली असती, तर पुढच्या फोटोसाठी खांदा शिल्लक राहिला नसता.

हिचं नाव पंट गन. पंट म्हणजे सपाट बुडाची, चिंचोळी, वीतभर पाण्यातही तरंगणारी होडी. बंदूक त्या होडीवर बसवलेली असायची, म्हणून पंट गन. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडच्या खाड्यांमध्ये आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रानबदकं मारून बाजारात विकणारे लोक ती वापरत. नळी आठ-दहा फुटांची, वजन चाळीस-पन्नास किलो, काहींचं त्याहून बरंच जास्त. आपल्याकडे उंटाच्या पाठीवरून डागायची सुतरनाळ असे, तोफेहून लहान आणि बंदुकीहून मोठी, तसलाच हा प्रकार. बहुतेक बंदुका गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक करून बनत. काही नामांकित बंदूककारांच्या कारखान्यात, तर काही गावच्या लोहाराकडे, मिळेल त्या जाड नळीतून. त्यामुळे दोन पंट गन तंतोतंत सारख्या सापडणं अवघड.

मोठी म्हणजे किती मोठी, हे कळायला आधी ‘बोअर’ समजून घेऊ. ‘बारा बोअर’ हा शब्द खेड्यापाड्यात सगळ्यांना माहीत असतो. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बंदूक म्हणजे बारा बोअर, इतकं ते समीकरण पक्कं आहे. पण बारा म्हणजे काय बारा? हा आकडा नळीची रुंदी थेट सांगत नाही. एक पौंड शिसं घ्यायचं, त्याच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. ती साधारण १८.५ मिलिमीटर भरते. म्हणजे हिशोब उलटा चालतो, आकडा लहान तितकी नळी मोठी. गोऱ्या साहेबांनी हत्ती आणि गव्यांसाठी वापरलेली चार बोअर म्हणजे पौंडाच्या चारच गोळ्या, नळी सुमारे २६.७ मिलिमीटर. आता पौंडाची एकच गोळी पाडा. ती सव्वाचार सेंटिमीटर व्यासाची होते. पंट गनच्या कित्येक नळ्या या मापाच्या आसपास असत आणि काही तर दोन इंचांच्याही वर जात. हत्तीवाल्या बंदुकीची नळी हिच्या नळीत सहज सरकेल.

पण हत्तीला एक गोळी पुरते, मग बदकासाठी एवढं अवडंबर का?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. वाटतं की बंदूक मोठी म्हणजे छर्रा जास्त जोरात आणि जास्त लांब जाणार. तसं नसतं. एकाच आकाराचा छर्रा पंट गनमधून सुटला काय किंवा बारा बोअरमधून सुटला काय, त्याचा वेग साधारण तेवढाच असतो. पुढे तो हवेत सारखाच मंदावतो. फरक असतो तो संख्येत. छर्ऱ्याची बंदूक म्हणजे अंगणात सडा मारण्यासारखं आहे. तांब्यातून पाणी फेकलं की जवळ ते एकगठ्ठा पडतं, लांब गेलं की थेंब विखुरतात. अंतर दुप्पट झालं की छर्ऱ्यांच्या वर्तुळाची रुंदी दुप्पट होते आणि क्षेत्रफळ चौपट. म्हणजे तेवढ्याच जागेत छर्रे चौथाईच उरतात. मग होतं काय, की चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे बारा बोअरच्या छर्ऱ्यांमध्ये एवढी मोकळी जागा पडते की बदक त्यातून निसटून जातं.

इंग्लंडमध्ये ‘बीबी’ नावाचा जाड छर्रा मिळे, एका औंसात साधारण ७० दाणे. बारा बोअरच्या काडतुसात ते ऐंशीच्या आसपास मावतात. पंट गनमध्ये एक पौंड म्हणजे १६ औंस भरला, की १,१२० दाणे होतात. बंदूक एकदा उडवली की एवढे! अंतर दुप्पट झालं आणि दाटी चौथाईवर आली, तरी या वर्तुळात पक्षी सुटायला फट राहत नाही. शिवाय ते वर्तुळही मोठं. ऐंशी-नव्वद मीटरवर पाण्यात दाटीवाटीने बसलेल्या थव्यावर अशी बंदूक सुटली, तर एका बारात पन्नासाहून जास्त पक्षी पडल्याची उदाहरणं आहेत. बारा बोअरवाला एक पक्षी हेरून त्याच्यावर नेम धरतो. इथे थवा हेच लक्ष्य असतं. बंदूक एवढी फुगली ती यापायी.

आता धक्क्याबद्दल, कारण फोटो पाहून पहिला प्रश्न तोच पडतो. शाळेत शिकलेला न्यूटनचा तिसरा नियम इथे उपयोगी पडतो. बारा बोअरमधून ३०-३२ ग्रॅम शिसं सेकंदाला सुमारे ४०० मीटरने पुढे जातं, तेव्हा तीन किलोची बंदूक ताशी चौदा-पंधरा किलोमीटरने खांद्यावर येते. पंट गनमधून अर्धा किलोच्या आसपास शिसं तसल्याच वेगाने सुटतं. पंचेचाळीस-पन्नास किलोची बंदूक मोकळी असेल, तर तिचा मागे येण्याचा वेगही गंमत म्हणजे तेवढाच, ताशी चौदा-पंधरा किलोमीटर. वेग तोच, पण एका वेळी तीन किलोची पिशवी खांद्यावर आदळते आणि दुसऱ्या वेळी सिमेंटचं भरलेलं पोतं. पोतं ताशी पंधरा किलोमीटरने आलं तर काय होईल, हे बांधकामावरच्या कुणालाही विचारा.

म्हणून तो धक्का माणसाने नाही, होडीने सोसायचा. बंदुकीला नळीच्या दोन्ही बाजूंनी तोफेसारखे खुंट असत. त्यांना अडकवलेला जाड दोर होडीच्या नाळेतल्या, म्हणजे अगदी पुढच्या लाकडातल्या भोकातून ओवलेला असे. जुन्या लढाऊ जहाजांवर तोफा जशा दोराने आवळत, तशीच ही युक्ती. बार उडाला की बंदूक मागे येते, दोर ताणला जातो आणि सगळा हिसका होडीच्या नाळेला बसतो. होडी, माणूस आणि बंदूक मिळून सव्वादोनशे किलो धरले, तर होडी सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने मागे सरकू पाहते आणि पाणी तिला लगेच अडवतं. होडी वीत-दोन वीत मागे जाते, बस्स. पण दोर जुना झालेला असेल किंवा कुणी तो बांधायला विसरलं असेल, तर मागे झोपलेल्या माणसाच्या जबड्याची किंवा खांद्याच्या हाडाची धडगत नसे. पुढे काही बंदुकांना दोराऐवजी स्प्रिंग बसवायला लागले.

मघाशी ‘झोपलेल्या’ म्हटलं, तो भाग नीट सांगायला हवा, कारण या सगळ्या उद्योगात कसब होतं ते तिथेच. 

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत भिगवणला गेलो होतो, उजनीच्या पाण्यावर. पहाटे होडीत बसलो. समोर थापट्यांचा आणि तलवार बदकांचा मोठा थवा होता. मी कॅमेरा सावरायला म्हणून उठलो. होडीवाला हळूच म्हणाला, “दादा, बसा. तुम्ही उभं राहिलात की त्यांना माणूस दिसतो.” मी बसेपर्यंत पुढची पन्नास-साठ बदकं उडालीसुद्धा. होडीला ती फारशी बुजत नव्हती, रोजच बघतात. उभी, हालणारी आकृती मात्र त्यांना लांबूनही चालत नाही. थापट्या आणि तलवार बदक हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात इंग्लंडच्या खाड्यांमध्येही असतात आणि तिथेही असेच बुजतात.

पंटवाला म्हणून होडीत पालथा झोपायचा. होडीच्या कडा पाण्यापासून जेमतेम वर आणि रंग राखाडी-पांढरा, धुक्यात मिसळून जाणारा. लांबून ती तरंगणाऱ्या ओंडक्यासारखी दिसावी. पुढे बंदुकीची नळी, तिच्या मागे छाती टेकून माणूस, दोन्ही हात कडेवरून पाण्यात. हातात आखूड वल्ही किंवा तळाला टेकून ढकलायची काठी. खांदे वर येऊ न देता, पाण्याचा आवाज होऊ न देता, इंच इंच पुढे सरकायचं. थवा ऐंशी मीटरवर येईपर्यंत कधी तास जायचा, कधी जास्त. मान वर करून नीट बघायचीही सोय नाही. इंग्लंडच्या डिसेंबर-जानेवारीत हात सतत गार पाण्यात, आणि ओहोटी लागली तर होडी चिखलात रुतून बसायची भीती. बंदूक होडीला बांधलेली, त्यामुळे डावा-उजवा नेम म्हणजे अख्खी होडी वळवायची. वरखाली तेवढं नळीखालच्या टेकूने जमे. एवढं करून अगदी शेवटच्या क्षणी एखादा कुदळ्या पक्षी ओरडत उडाला, की थवा गेला. संपला दिवस.

थवा जागेवर राहिला, तरी लगेच चाप ओढायचा नाही. माना पाठीत खुपसून बसलेल्या बदकांवर बार टाकला, तर बरेच छर्रे पिसांवरून जातात. माना वर उंचावतात आणि उडायच्या बेतात पंख सुटतात, तो क्षण साधायचा. कर्नल पीटर हॉकर नावाचे एक इंग्रज गृहस्थ या विद्येचे आद्य गुरू मानले जातात. १८०९ साली स्पेनमध्ये तालावेराच्या लढाईत ते जखमी झाले. पुढे उरलेल्या आयुष्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कीहेवनला त्यांनी बदकांमागे जीव टाकला. त्यांनी बनवून घेतलेल्या दुनळी पंट गनची एक नळी चकमकीवर उडायची आणि दुसरी तेव्हा नव्या असलेल्या टोपीवर, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या बारीक स्फोटक टिकलीवर. चकमकीची ठिणगी दारूपर्यंत पोचायला किंचित उशीर होतो. त्यामुळे दोन्ही चाप एकदम ओढले, तरी एक बार बसलेल्या थव्यावर आणि दुसरा उठत्या थव्यावर पडायचा. माणूस बारकाईने विचार करणारा होता, एवढं मान्य करावंच लागेल. विचार कशाचा केला, ते सोडा.

या सुरुवातीच्या बंदुका ठासणीच्या होत्या. आधी पाव पौंडाच्या आसपास काळी दारू, मग डांबरी दोर पिंजून काढलेल्या धाग्यांचा बोळा, मग छर्रे, आणि वरून पुन्हा बोळा. तो शेवटचा बोळा छर्रे घरंगळू देत नसे आणि लाटेचं पाणी नळीत शिरू देत नसे. दहा फुटी नळी हलत्या होडीत ठासायची म्हणजे दिव्य. त्यामुळे एका भरतीला एकच बार, असाच बहुधा हिशोब असायचा. आणि बार झाला म्हणजे काम झालं असंही नाही. एवढ्या छर्ऱ्यांत मेलेल्यांखेरीज जखमी होऊन पाण्यात तडफडणारेही पुष्कळ. त्यांना संपवायला होडीत एक साधी बंदूक वेगळी ठेवलेली असायची. इंग्लिश शिकाऱ्यांच्या बोलीत तिला जे नाव होतं, त्याचा अर्थ ‘लंगड्यांना थोपवणारी’. या नावातच सगळं आलं. चिखलात शिरून मेलेली आणि कोल्ह्यांनी नेलेली बदकं तर कुणाच्या मोजणीत नसायचीच.

इंग्लंडमध्ये हा धंदा किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांचा. हिवाळ्यात मासेमारी थंडावली की चार पैसे मिळावेत म्हणून ते तो करत. सोबतीला हौशी सरदार-दरकदारही असत. खरा धुमाकूळ झाला तो अमेरिकेत.

मेरीलँड राज्यात चेसापीक नावाचा प्रचंड उपसागर आहे. त्याच्या वरच्या टोकाला सस्क्वेहाना नदी येऊन मिळते आणि मुखाशी मैलोन्‌मैल उथळ पाणी पसरतं. त्या पाण्याखाली एक लांब, रिबिनीसारख्या पात्यांचं पाणगवत उगवतं. तिथले लोक त्याला रानसेलरी म्हणतात. कॅनव्हासबॅक नावाचं बदक हिवाळ्यात इथे यायचं आणि बुडी मारून या गवताचे कंद खायचं. ते खाऊन त्याच्या मांसाला जी चव यायची, तिच्यावर अमेरिकेतली धनिक मंडळी लुब्ध होती. बॉल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या बड्या हॉटेलांत कॅनव्हासबॅक आणि कासवाचं सूप ही श्रीमंती मेजवानीची ठरलेली जोडी. आपल्याकडे मोसमातल्या पहिल्या देवगड हापूसच्या पेटीला जो मान, तो तिथे या बदकाला होता.

नुसती चव असून भागत नाही, माल पोचावा लागतो. हॅवर द ग्रेस हे सस्क्वेहानाच्या मुखावरचं गाव फिलाडेल्फिया ते बॉल्टिमोरच्या रेल्वेमार्गावर होतं. आधी तिथे गाड्या बोटीवरून नदीपार न्याव्या लागत, १८६६ साली पूल झाला. हिवाळ्यात नद्या-तळ्यांवरून कापून लाकडाच्या भुश्यात साठवलेला बर्फ वर्षभर मिळू लागला. रात्री मारलेलं बदक पिंपात बर्फावर रचून सकाळच्या गाडीने जायचं आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या ताटात. गावातल्या माणसाला एका हिवाळ्यात किती बदकं खाता येणार? दहा, वीस. न्यूयॉर्कच्या भुकेला मात्र तळ नव्हता. मला तरी वाटतं, पंट गनचा इतिहास सांगताना नळीच्या व्यासापेक्षा या रेल्वेकडे आणि बर्फाकडे जास्त बघायला हवं. तोफेएवढी बंदूक परवडायची ती रोजचा पिंपभर माल उचलणारं गिऱ्हाईक होतं म्हणून.

चेसापीकवर शिकार रात्री व्हायची. होडीच्या टोकाला एक पेटी, तिच्यात दिवा, मागे चकचकीत पत्रा. झोपलेला थवा त्या झोतात दिपून जायचा, माना वर करून दिव्याकडे बघत राहायचा. मग चापाला बांधलेली दोरी ओढायची. काहींनी तर पंख्यासारख्या मांडलेल्या तीन-तीन, सात-सात, दहा-दहा नळ्यांच्या बंदुका केल्या होत्या. एका दारूच्या ओळीला बत्ती दिली की सगळ्या धडाधड सुटायच्या. शिवाय शवपेटीसारखी एक पेटी पाण्यात बुडवून तिच्यात झोपायचं, सभोवती शेकडो लाकडी बदकं सोडायची आणि उतरणाऱ्या खऱ्या बदकांवर साध्या बंदुकीने बार टाकायचे, हाही प्रकार जोरात होता.

कायदे झाले, पण फार सावकाश. काही राज्यांनी एकोणिसाव्या शतकातच मोठ्या बंदुकांवर आणि रात्रीच्या शिकारीवर बंदी घातली. उपयोग बेताचाच झाला. पंट गन रात्री एकदाच गरजते आणि पोलीस येईपर्यंत होडी खाडीच्या फाट्यात शिरलेली असते. दिवसा बंदूक कुठे? दलदलीत पुरलेली, नाहीतर जमिनीच्या फळ्यांखाली. आणि शेजारी तोंड उघडणार नाहीत, कारण त्यांच्याही घरी त्याच पैशावर चूल पेटते. वाळू काढणाऱ्या गावाची कहाणी ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे चित्र अजिबात परकं वाटणार नाही.

खरा फास बसला तो बाजाराला. १९०० साली लेसी कायदा आला. एका राज्यात बेकायदा मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेले, तर तो केंद्र सरकारचा गुन्हा ठरला. म्हणजे मेरीलँडचा शिकारी सापडला नाही, तरी न्यूयॉर्कच्या वाटेवरचं पिंप सापडू शकत होतं. त्यानंतर चौदा वर्षांनी, १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची पॅसेंजर कबुतरांची शेवटची मादी मेली. एकेकाळी आकाश झाकून टाकणारा हा पक्षी त्याच बाजारामुळे आणि रेल्वेमुळे संपला होता. आपली बदकंही त्याच वाटेने निघालीत, हे एव्हाना लोकांना दिसू लागलं होतं. १९१६ मध्ये अमेरिकेने कॅनडासाठी ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला आणि १९१८ च्या कायद्याने या पक्ष्यांची विक्रीच बंद झाली.

मिसूरी राज्याने यावर कोर्टात धाव घेतली. म्हणणं असं, की आमच्या हद्दीतले पक्षी आमचे, केंद्राचा संबंध काय? १९२० साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की रानपक्षी कुणाच्या ताब्यात नसतात. जे काल इथे नव्हते, उद्या दुसऱ्या राज्यात असतील आणि आठवड्याभरात हजार मैल लांब, त्यांच्यावर कसला आलाय मालकी हक्क? हिमालय ओलांडून आपल्या तळ्यांवर येणारे चक्रवाक बघताना मला हा निकाल हमखास आठवतो.

अमेरिकेत आजही रानबदक मारायचा परवाना मिळतो. पण दहा बोअरपेक्षा मोठी बंदूक चालत नाही आणि मारलेलं बदक विकता येत नाही. अमेरिकन हॉटेलात ताटात येणारं बदक पाळीव असतं, ते यामुळे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आकाराने धडकी भरवणारी ही बंदूक सर्वांत घातक नव्हती. विसाव्या शतकाच्या तोंडावर एकामागून एक पाच-सहा बार टाकणाऱ्या साध्या बंदुका बाजारात आल्या. त्या कुणालाही परवडत, काखेत मारून नेता येत. अमेरिकेने १९३५ मध्ये या बंदुकांत तीनच काडतुसं मावतील असा नियम केला, पाण्यातली ती पेटीही त्याच वर्षी बंद केली. आपल्याकडचं उदाहरण तर भरतपूरला दगडावर कोरलेलं आहे. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ३९ बंदुकांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. त्यासाठी पंट गनची गरज पडली नाही. शिकार होती, बाजारही नव्हता. निव्वळ पाहुणचार!

इंग्लंडचं प्रकरण निराळं आहे. तिथे पंट गनवर सरसकट बंदी कधी आलीच नाही. १९८१ च्या कायद्याने नळीच्या तोंडाचा व्यास पावणेदोन इंचांपेक्षा, म्हणजे ४४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, एवढीच अट घातली. रानहंसांची विक्री १९६७ मध्ये बंद झाली. खाड्या भरून शेतं झाली, धंद्यात राम उरला नाही आणि बंदुका आपोआप माळ्यावर गेल्या. १९९५ च्या पाहणीत वापरातल्या पंट गन पन्नासही भरल्या नाहीत. लिंकनशायरमधल्या काउबिट गावात मात्र १८९७ पासून, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवापासून, राज्याभिषेक किंवा राजघराण्याचा जयंतीमहोत्सव आला की या बंदुकांची सलामी देतात. छर्रे न घालता, फक्त दारूचा बार.

आणि पीटर स्कॉट यांचं नाव घेतल्याशिवाय इंग्लंडमधून पुढे जाता येत नाही. दक्षिण ध्रुवावरून परतताना मेलेल्या कॅप्टन स्कॉटचा हा मुलगा. केंब्रिजला शिकताना वॉश नावाच्या उपसागरात हा पंट गन घेऊन हंसांमागे पडलेला असायचा, आणि अव्वल शिकारी म्हणून त्याची ख्याती होती. पुढे त्याने बंदूक खाली ठेवली. १९४६ साली स्लिमब्रिजला त्याने पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली, आणि १९६१ मध्ये जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांतही तो होता. पांडाचं ते चिन्ह कागदावर उतरवणारा हात एके काळी पंट गनची दोरी ओढत होता. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. तासन्‌तास पालथं पडून थव्याची मान न् मान निरखणाऱ्याला पक्षी जेवढा कळतो, तेवढा पुस्तकातून कळत नाही.

आज चेसापीकच्या पंट गन तिथल्या संग्रहालयांत भिंतीला टांगलेल्या आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी भरपूर पैसे मोजतात, लाकडी बदकांसाठी तर त्याहूनही जास्त. पण कॅनव्हासबॅकची गोष्ट बंदुका भिंतीवर गेल्यावर संपली नाही. शेतातली खतं, शहरांचं सांडपाणी आणि गाळ यांनी त्या उथळ पाण्याचा पार चिखल केला. सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचेना, गवत विरळ होत गेलं. जून १९७२ मध्ये ॲग्नेस वादळ आलं आणि नदीने आणलेल्या गाळात उरलंसुरलं गवतही गाडलं गेलं. काही दशकांनी ते बरंचसं परतलं. पण मधल्या काळात तिथे टिकलेली बदकं तळाच्या चिखलातले बारीक शिंपले खायला शिकली होती, आणि शिंपल्यांवर वाढलेल्या बदकाच्या मांसाला माशाचा वास येतो. ज्या चवीपायी दहा फुटी नळ्या घडवल्या, ती चव गवताची होती. पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ते गवत अजून आहे, आयथाया व्हॅलिसिनेरिया. अलेक्झांडर विल्सनने १८१४ मध्ये ते नाव देताना गवताचं स्पेलिंग चुकवलं. नावं देण्याच्या नियमाप्रमाणे आधी छापलेलंच ग्राह्य धरतात, त्यामुळे चूक तशीच राहिली.